सहावा व्हॉल्व्ह

रणजितनं पहिला फटका दस्तगीरचाचांच्या कानावर मारला, आणि तो माझ्यामुळं मारला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी एक्स-रे फिल्म घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेलो होतो. फिल्म दिव्यासमोर धरून मी म्हणालो, "साहेब, सहा नंबरच्या व्हॉल्व्हच्या बॉडीत मानेजवळ चीर होती. ती वेल्डिंगनं भरलीय. चाचांनीच सांगितलं मला."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. नुसत्या फिल्मवरही ते दिसत होतं. पण मी एकतीस वर्षांचा होतो, आपण म्हणतोय त्याला साक्षीदार आहे हे दाखवायची घाई होती. रणजित उठला, कारखान्याच्या शॉपमध्ये गेला आणि वेल्डिंगच्या टेबलापाशी वाकून उभ्या असलेल्या चाचांना त्यानं उघड्या पंजानं मारलं. चाचा टेबलावर आदळले. डोक्यावरचा मास्क खाली पडला.

"कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं का नव्हतं?"

"शिंत्रे आपलाच हाय, बाळ," चाचा म्हणाले. "कानावर नको मारू."

चाचा त्याला बाळच म्हणत. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ते नेर्लेकरांकडं होते, आणि रणजितला वेल्डिंगची कांडी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. रणजितनं दुसरा फटका त्याच कानावर मारला. मग हातात आलेल्या पाइपच्या तुकड्यानं पाठीवर, मांड्यांवर. पंचवीस माणसं मशिनं बंद करून बघत होती. मी फिल्म हातात घेऊन त्यांच्यातच उभा होतो. चाचांच्या कानातून रक्ताची बारीक धार आली तेव्हा रणजित थांबला. धापा टाकत म्हणाला, "मशिनं चालू करा." मशिनं चालू झाली.

ही एकोणीसशे नव्वदच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत नेर्लेकर बंधूंचा कारखाना होता. थोरले अण्णा, वय छप्पन्न, बाहेरचं बघायचे. धाकटा रणजित, अडतीसचा, उत्पादन बघायचा. मी तपासणी खात्यात होतो. खातं कसलं, मी आणि एक टेबल. चार वर्षं आम्ही पंपांचे आणि साखर कारखान्यांचे व्हॉल्व्ह केले, आणि मग अण्णांनी कुठं कुठं खेटे घालून ते काम आणलं, ज्याच्या ड्रॉइंगवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता.

काम एका पाणबुडीचं होतं. अणुशक्तीवर चालणारी, पोटात क्षेपणास्त्रं घेऊन महिनोन्‌महिने पाण्याखाली राहणारी. ती दुरुस्तीला गोदीत आली होती आणि तिचे सहा जुने व्हॉल्व्ह बदलायचे होते. मूळ बनवणाऱ्यांनी ते बनवणं कधीच बंद केलं होतं, म्हणून नवे आमच्याकडं ओतायला दिले. अणुभट्टीवर तयार झालेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला समुद्राचं थंड पाणी लागतं. ते पाणी या व्हॉल्व्हमधून बोटीत यायचं. तपासणीला येणाऱ्या नौदलाच्या साहेबांनी पहिल्या भेटीत मला समजावलं होतं, "तीनशे मीटर खाली एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शंभर माणसं. मधे तुमचा हा ब्राँझचा तुकडा." हे ते हसून बोलले होते. मला मात्र तेव्हापासून बॉडीवरून हात फिरवायची सवय लागली होती.

पाच बॉडी पास होऊन पेटीत गेल्या होत्या. सहावी राहिली होती, आणि साहेब त्याच दुपारी दोन वाजता शेवटची चाचणी बघायला येणार होते.

चाचांना पाणी पाजून मी वळलो तर रणजित माझ्यामागंच उभा होता.

"चल," तो म्हणाला. "कागद पूर्ण करू."

तपासणीची खोली शॉपच्या टोकाला होती. आत गेल्यावर त्यानं कडी लावली. टेबलावर पाच नंबरच्या बॉडीच्या जादा काढलेल्या फिल्म पडल्या होत्या. त्यांतली एक उचलून त्यानं माझ्यापुढं सरकवली.

"हिच्यावर सहा टाक. आणि रिपोर्टवर सही कर."

"साहेब, ते वेल्डिंग टिकायचं नाही. नवीन ओतू या."

"नवीन ओतायला तीन महिने लागतात. बोट गोदीत उघडी पडलीय. अण्णांनी शब्द दिलाय."

"मग अण्णांना सांगू या. अण्णा ऐकतील."

तो माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत राहिला. ती नजर मला बरीच वर्षं कळली नाही. मग त्यानं माझी मान धरली आणि मला बाकाकडं ढकललं. बाकावर मोठा व्हाइस होता, धातूचा तुकडा जबड्यात पकडायचा. मी सुटायला धडपडलो, त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्यानं माझं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. भानावर आलो तेव्हा त्यानं माझा डावा हात व्हाइसच्या जबड्यात धरला होता.

"उजवा नाही घेतला," तो म्हणाला. "उजव्यानं लिहायचंय तुला."

त्यानं दांडा फिरवला. लोखंड आधी नुसतं गार लागलं. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांत घुसल्यासारखी झाली. मी ओरडलो. शॉपमध्ये आवाज गेला नसेल असं नाही, पण कुणी आलं नाही. त्यानं अर्धा फेरा आणखी दिला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला, ओली काटकी मोडावी तसा. दुखणं त्या आवाजानंतर आलं.

"कर सही, शिंत्रे." त्याचा स्वर आता जवळजवळ विनवणीचा होता. "माझ्यापाशी दुसरा रस्ता नाही रे. कर."

मी सही केली. फिल्मवर सहा आकडा टाकला. माझा हात व्हाइसमध्येच होता, आणि उजव्या हातानं मी ते सगळं नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. त्यानं कागद वाचले, घडी केली आणि मग दांडा उलटा फिरवला.

जाताना दारात थांबून म्हणाला, "दुपारी पंप तूच चालवायचा. साहेबांना रोजची माणसं दिसली पाहिजेत."

बोटं मी कापसाच्या बोळ्यात गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. उलटी झाली. चाचा दाराशी आले, माझा हात बघितला आणि मला आधार देऊन नळापाशी नेलं. त्यांना डाव्या बाजूनं ऐकू येत नव्हतं. मी दोनदा "माफ करा चाचा" म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी "काय?" विचारलं. मग मी म्हणणं सोडून दिलं.

दोन वाजता अण्णा साहेबांना घेऊन आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, कामगारांनी नमस्कार केला की थांबून उलटा नमस्कार करणारे अण्णा. माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "हे काय लागलं रे तुला?"

"दारात सापडला," रणजित म्हणाला.

"जपून रे बाबा," अण्णा म्हणाले. "उद्या सुट्टी घे."

चाचांच्या कानाकडं त्यांनी बघितलं नाही.

दाबाची चाचणी सोपी असते. व्हॉल्व्हच्या बॉडीची दोन्ही तोंडं जाड झाकणांनी बंद करायची, आत पाणी भरायचं, आणि हातपंपानं दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोपर्यंत न्यायचा. दहा मिनिटं काटा हलला नाही, बाहेर कुठं थेंब दिसला नाही की माल पास. फक्त आतली हवा पूर्ण काढावी लागते. त्यासाठी वर एक छोटा बोल्ट असतो. तो सैल ठेवून पाणी भरायचं. आधी बुडबुडे येतात, मग नुसतं पाणी येतं, तेव्हा तो आवळायचा. कारण पाणी दाबलं जात नाही. नुसतं पाणी असताना बॉडी चिरली तर पाण्याचा फवारा उडतो, बस. आत हवा राहिली तर ती दाबून बसते, आणि बॉडी चिरली की हातबॉम्ब फुटल्यासारखी फुटते. हे मी दर नव्या माणसाला शिकवायचो.

समोर लोखंडी पत्र्याचा जाड आडोसा होता, त्याला काचेची खिडकी. साहेब आणि अण्णा त्याच्यामागं उभे राहिले. त्यांच्यामागं रणजित. कामगार नियमाप्रमाणं बाहेर. मी आडोशाच्या टोकाला पंपापाशी. चाचा बॉडीजवळ पाणी भरत होते.

पाणी आत चढू लागलं. बोल्टाच्या सैल आट्यांतून बुडबुडे फुटायला लागले. मी पाना घेऊन पुढं गेलो. आडोशामागं साहेब माझा रिपोर्ट चाळत होते, दोघे भाऊ त्यावर वाकले होते. चाचांनी हात वर केला, थांब अशा अर्थी. मोठे बुडबुडे येत होते, अर्धी बॉडीसुद्धा भरली नव्हती.

मी बोल्ट आवळला.

चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते दोन पावलं मागं सरले आणि आडोशामागं गेले.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. सही माझी होती. चाचणी पास झाली तर तो व्हॉल्व्ह संध्याकाळी पेटीत जाणार होता आणि पेटी गोदीत. पाण्याचा फवारा उडाला असता तर रणजितनं सांगितलं असतं की वॉशर गेला, आणि उद्या पुन्हा चाचणी लावली असती. मला तो असा फुटायला हवा होता की कुणालाही काही सांगता येऊ नये. सगळे आडोशामागं होते. कुणाला लागणार नव्हतं. एवढंच होतं डोक्यात.

मी दांडा मारायला लागलो. वीस किलो. तीस. हवा असल्यामुळं काटा सावकाश चढत होता, पण ते फक्त मला कळत होतं. डाव्या हातात ठणके बसत होते, दर ठणक्याला मी एक दांडा मारत होतो. पन्नास. साठ.

साठाला रणजित आडोशामागून बाहेर आला.

त्याच्या हातात फडकं होतं. साहेबांना म्हणाला, "जरा वरचं पाणी पुसून घेतो, म्हणजे थेंब आला तर स्पष्ट दिसेल." तो बॉडीपाशी गेला आणि नेमका मानेच्या त्या बाजूला उभा राहिला जिथं वेल्डिंग होतं. मला कळलं. वेल्डिंग पाझरलं तर त्याला ते फडक्यानं टिपायचं होतं.

"मिस्टर नेर्लेकर, मागे या," साहेब म्हणाले.

"काही होत नाही साहेब. आमचा माल आहे."

दाब चढत असताना कुणी पुढं गेलं तर "मागे व्हा" म्हणून ओरडायचं आणि पंप सोडायचा, हे माझं काम. चार वर्षांत मी ते शंभर वेळा केलं असेल. एकदा तर अण्णांनाच हाताला धरून मागं ओढलं होतं.

मी दांडा मारला. सत्तर. रणजित वाकून फडकं फिरवत होता, त्याचा चेहरा बॉडीपासून हातभर अंतरावर होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. ऐंशी. मी दांडा मारला. पंच्याऐंशी.

आवाज आला तो कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, छातीवर बसला. आडोसा जागचा हलला. काच तडकली. वरच्या पत्र्यात काहीतरी घुसलं आणि तिथून उजेडाचा झोत खाली आला. सगळीकडं पाण्याचं धुकं होतं. ते खाली बसलं तेव्हा रणजित आठ-दहा फुटांवर लेथच्या पायाशी पडलेला दिसला. खालचा जबडा नव्हता. गळ्यापासून छातीपर्यंत उघडा झाला होता, आणि त्याचा एक हात अजून फडकं मुठीत धरून जमिनीवर आपटत होता. अण्णा "रणू, रणू" करत धावले. चाचा त्यांच्याही आधी पोचले होते. त्यांनी रणजितचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी त्याचा गळा दाबून धरला. रक्त बोटांमधून येतच राहिलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील.

मी पंपाचा दांडा धरून उभा होतो. साहेबांनी येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

फुटलेल्या तुकड्यांवर वेल्डिंगची कड उघडी पडली होती. साहेबांनी ती तिथंच ओळखली. पेटीतले पाचही व्हॉल्व्ह परत काढून कापले, त्यांतल्या दोहोंत तसंच भरलेलं निघालं, माझ्या फिल्मवर न दिसेल अशा कोपऱ्यात. काम आमच्याकडून गेलं. बोट आणखी काही महिने गोदीत राहिली आणि दुसरीकडचे व्हॉल्व्ह बसवून गेली, एवढंच मला नंतर कळलं.

खोट्या फिल्मचं मी कबूल केलं. मोडलेली बोटं दाखवली. सगळ्यांनी मला बिचारा ठरवलं. अण्णांनी जबाब दिला की हे सगळं धाकट्यानं परस्पर केलं, आपल्याला काही कल्पना नव्हती. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. राहिला प्रश्न हवेचा. ब्राँझचे तुकडे तेवढ्या लांब उडाले म्हणजे आत हवा होती, हे तज्ज्ञांनी सांगितलं. बोल्ट कुणी आवळला?

"मी," चाचांनी पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगितलं. "कान दुखत होता, लक्ष नव्हतं."

कोर्टात मला विचारलं, "बोल्ट दस्तगीर मुजावर यांनी आवळला, हे खरं आहे?"

मी म्हणालो, "हो."

निष्काळजीपणासाठी त्यांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी कळंब्याच्या तुरुंगात काढली. सुटून आले त्या आठवड्यात मी मिरजेला त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होते. मी म्हणालो, "चाचा, मी उद्या जाऊन खरं सांगतो. तुम्ही माझ्यासाठी का केलंत हे?"

"तुझ्यासाठी न्हाई केलं," चाचा म्हणाले. त्यांनी उजवा कान माझ्याकडं वळवला होता. "तू बोल्ट आवळलास ते मी बघितलं. आणि तो पुढं गेला तेबी बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं हुतं मी. मग कानात ठणकलं, आणि तोंड मिटलं. त्याला मी कडेवर घेऊन भट्टी दाखवलीय. जी शिक्षा झाली ती माझ्या वाटची. तुझ्या वाटचं तू बघ."

त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

मी उद्या गेलो नाही. पुढची सहा वर्षंही गेलो नाही. पुण्याला नोकरी धरली, लग्न केलं. चाचा वारल्याचं कळलं तेव्हा मातीला गेलो आणि तिथून परस्पर अण्णांच्या घरी गेलो. कारखाना तोवर बंद पडला होता. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, फार वाळले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बुडबुडे, बोल्ट, साठ, सत्तर, पंच्याऐंशी. त्यानं माझ्याकडं बघितलं होतं, तेही सांगितलं.

अण्णांनी मधे एकदाच विचारलं, "हवा नसती तर?"

"तरी चिरला असता. पाणी उडालं असतं. रणजित साहेब जगले असते."

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मला वाटलं उठतील, मारतील, नाहीतर पोलिसांना बोलावतील. मी दोन्हीच्या तयारीनं आलो होतो.

"तुला कुणी सांगितलं वेल्डिंग त्यानं करवलं म्हणून?" अण्णा म्हणाले.

"चाचांनी. रणजित साहेबांनीच सांगितलं म्हणाले."

"दस्तगीरला त्यानं सांगितलं. त्याला मी." अण्णा माझ्याकडं न बघता बोलत होते. "तीन बॉडीत चिरा निघाल्या होत्या. तो म्हणाला, अण्णा, फोडून परत ओतू, मी साहेबांचे पाय धरतो. तीन दिवस नाही म्हणत होता. म्हणाला, त्या बोटीत माणसं असतात. चौथ्या दिवशी मी त्याला इथं, ह्या अंगणात, त्याच्या बायकोपोरांसमोर पायताणानं मारलं. अडतीस वर्षांच्या माणसाला. खाली पडेपर्यंत मारलं."

आतून कुणीतरी दिवा लावला. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं.

"मग ऐकलं त्यानं," ते म्हणाले.